अनुमोदक टेनेरीफला

बुधवारी दुपारी दोन वाजता कोण रिकामं असतं? कामाची माणसं कामावर असतात, पोरं शाळेत असतात, आणि आजारी माणसं एक तर घरी पडलेली असतात, नाही तर हॉस्पिटलात. म्हणूनच त्या शहराच्या कौन्सिलनं आपली सभा बरोब्बर बुधवारी दुपारी दोनला ठेवली होती आणि दारावर पाटी लावली होती, 'सर्वांचे स्वागत'. शहर कुठलं ते सोडा. इंग्लंडात, लेस्टरहून ट्रेननं तासाभरावर, एवढं पुरे.

सुलक्षणाबाईंनी पाटी वाचली आणि त्यांचं डोकं दारातच तापलं.

त्यांचं वय त्र्याहत्तर. त्यातली चौतीस वर्षं याच शहरातल्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून गेलेली. त्यांच्या आवाजाबद्दल असं सांगतात, की तिसऱ्या मजल्यावर त्यांनी 'ड्रिप संपत आलीय!' म्हटलं, की तळमजल्यावरच्या कॅन्टीनमधला आचारी सूप ढवळायचं सोडून ड्रिप बदलायला धावायचा. आता तो आवाज एकट्या डॉक्टर शशिधरांच्या वाट्याला आला होता. डॉक्टर म्हणजे त्यांचे यजमान. एके काळी हजारोंना भूल देणारा हा माणूस आता मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसच्या मशीनला जोडलेला असायचा.

एकतीस नंबरची बस त्यांना गल्लीच्या तोंडाशी घ्यायची आणि थेट किडनी युनिटच्या दारात सोडायची. चार तास मशीनवर काढून बाहेर पडलेल्या माणसाचे पाय कापसाचे असतात. दारापासून थांबा तेरा पावलांवर. डॉक्टर ती तेरा पावलं तीनदा थांबून चालत. गाडी चालवायला त्यांना मनाई, आणि बाईंना काचबिंदू. असं सगळं जेमतेम चाललेलं असताना कौन्सिलनं ठराव केला, की येत्या सोमवारपासून टेकडीवरचा तो थांबा दारातून काढून खाली पायथ्याशी न्यायचा. का? तर बस दारात थांबते तेव्हा मागच्या गाड्या सरासरी अकरा सेकंद खोळंबतात.

"अकरा सेकंद!" बाई तीन आठवडे हेच म्हणत होत्या. भांडी घासताना, औषधं मोजताना, झोपेतसुद्धा. "अहो, अकरा सेकंदांत तुमची शिंक पुरी होत नाही!"

"म्हणून तर सभेत बोलायचं," डॉक्टर म्हणायचे. "माझ्यावर सोड. भाषणाचं मला नवीन नाही."

सभागृहात बावन्न कौन्सिलर अर्धवर्तुळात बसलेले. मधे उंच खुर्चीवर लॉर्ड मेयर बाई. त्यांच्या गळ्यातली सोन्याची साखळी इतकी जड, की मेयर बसायच्या आधी आणि साखळी बसायची दोन मिनिटांनी. समोर टेबलावर चांदीची गदा आडवी ठेवलेली. प्रेक्षकांच्या बाकावर माणसं दोनच, हे दोघं.

तनिषा धावत आली. महाराष्ट्र मंडळातल्या आसावरीची ही मुलगी. जन्म इथला, नोकरी कौन्सिलात. तिच्या टेबलावर दिव्यांची एक पेटी होती, हिरवा, पिवळा, लाल.

"काका, काकू, हॅलो! ऐका हां. काकाचा स्पीच तीन मिनिटं. लाल लाइट आला की माइक आपोआप बंद होते. मग काकू, तुमचा क्वेश्चन. लिहून दिली आहे तीच वाचायचा. उत्तर मिळाली की एक सप्लिमेंटरी. ओन्ली वन. आणि ती उत्तरातूनच निघाला पाहिजे, नाहीतर आउट ऑफ ऑर्डर."

"म्हणजे ते जे बोललेच नाहीत, ते विचारायचं नाही?"

"एग्झॅक्टली, काकू!"

"आणि ते काहीच बोलले नाहीत तर?"

तनिषानं विचार केला. "मग काहीच नाही विचारायचा."

बाईंच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. तनिषानं ती पाहिली आणि ती हळूच आपल्या पेटीमागे जाऊन बसली.

सभा सुरू झाली. कोण कोण आज येऊ शकत नाही त्यांची दिलगिरी वाचून झाली. मग मेयर म्हणाल्या, "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं असं समजून, बिनचूक म्हणून कायम करावं का?" बावन्न हात वर गेले. बावन्न हात खाली आले. मेयरनी सही ठोकली. शेहेचाळीस पानं चार सेकंदांत कायम!

सुलक्षणाबाई अर्ध्या उठल्या. "अहो! न वाचता?"

"शू," डॉक्टर म्हणाले. ते मनात भाषण घोकत होते.

बाई बावीस वर्षं महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीस होत्या. मंडळात इतिवृत्त शब्दन् शब्द वाचलं जायचं, आणि शब्दन् शब्दाला कुणीतरी हरकत घ्यायचं. गणपतीच्या खिचडीला साबुदाणा कुणी भिजवला, या एका वाक्यावरून एकदा असं रण पेटलं, की सभा सुरू होताना हॉलबाहेर ट्यूलिपचे कांदे पुरत असलेला माळी सभा संपल्यावर फुलं तोडत होता. अंबरीश सबनीसांनी त्या भांडणात दाढी करायला घेतली नाही, ती छातीपर्यंत आली. पण अखेर इतिवृत्त कायम झालं तेव्हा त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साबुदाणा वरदा लिमयेंनीच भिजवला होता.

आणि इथं चार सेकंद! माणसाच्या चालण्याचा, न चालण्याचा निकाल ज्या कागदात, तो कागद कुणी उघडलासुद्धा नाही. बाकावर प्रेक्षकांसाठी त्याची एक प्रत ठेवलेली होती. बाईंनी रागानं ती ओढली, पर्समधून भिंग काढलं आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. कुणी वाचत नाही ना? मग मी वाचते. उद्यापर्यंत बसावं लागलं तरी वाचते.

तिकडे मेयरबाईंची निवेदनं चालू होती. गेल्या महिन्यात त्यांनी कुठल्या फिती कापल्या. कालव्यात प्लॅस्टिकच्या बदकांची शर्यत झाली तिला किती लोक आले. कुठलं बदक पहिलं आलं. बदकांवर पाच मिनिटं झाली तेव्हा सुलक्षणाबाई पान एकोणतीसवर होत्या. तिथं त्यांचं भिंग थांबलं. मग त्या भराभर मागे गेल्या, पान दोनवर. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. त्यांनी डॉक्टरांना कोपरखळी मारली.

"अहो, हे बघा."

"आत्ता नको गं. माझी लिंक तुटते."

इतक्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. डॉक्टर काठीवर भार देत उठले, माइकपाशी गेले. हिरवा दिवा लागला. आता, माणूस मंडळाचा सोळा वर्षं अध्यक्ष. त्या सोळा वर्षांत त्यांनी एकही भाषण थेट मुद्द्यावरून सुरू केलेलं नव्हतं. तशी पद्धतच नाही. कुणाचं नाव राहिलं तर तो माणूस पुढच्या वर्षीची वर्गणी देत नाही.

"सन्माननीय लॉर्ड मेयर," डॉक्टरांनी आपल्या भरदार इंग्रजीत सुरुवात केली, "सन्माननीय उपमेयर, सत्ताधारी पक्षाचे आदरणीय नेते, विरोधी पक्षाचे तितकेच आदरणीय नेते, मुख्य अधिकारी महोदय, गदा वाहून आणणारे महोदय..." गदावाला गेल्या वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी नाव घेतल्यामुळे ताठ झाला. "...सर्व समित्यांचे अध्यक्ष, या ऐतिहासिक वास्तूचे शिल्पकार, जे आज आपल्यात नाहीत..."

पिवळा दिवा लागला.

"मुद्दा!" बाई बाकावरून कुजबुजल्या. त्यांची कुजबुज गदेला ऐकू गेली असती.

"...आणि उपस्थित बंधुभगिनींनो! आज मी इथे आपल्यासमोर जो विषय..."

लाल. माइक गेला. डॉक्टरांचे ओठ हलत राहिले, हात हलत राहिला, पण आवाज काही येईना. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं हसले. तनिषानं मान खाली घातली.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याचा राग आलाच होता, पण तो घरचा राग होता, घरी नेता आला असता. ही हसणारी तोंडं मात्र त्यांनी एकेक करून पाहून ठेवली. दर शनिवारी तेरा पावलांत तीनदा थांबणारा माणूस या लोकांना आज तीन मिनिटं उभा राहिलेला दिसला, आणि हे हसतात?

"बसा तुम्ही," त्या डॉक्टरांना म्हणाल्या आणि माइकपाशी गेल्या.

लिहून दिलेला प्रश्न त्यांनी वाचला. किडनी युनिटच्या दारातला थांबा काढताना किती रुग्णांना विचारलं? वाहतूक खात्याचे कौन्सिलर थॉर्नली उठले. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहिलं.

"विचारल्याबद्दल आभार. शहरातील वाहतूक सुरळीत राहावी यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. सर्व संबंधित बाबींचा विचार करण्यात आला. सदर प्रस्ताव मागच्या सभेत रीतसर मांडला गेला, त्याला रीतसर अनुमोदन मिळालं आणि तो संमत झाला."

बसले. रुग्ण हा शब्द नाही, आजार नाही, माणूसदेखील नाही.

"पुरवणी प्रश्न?" मेयर म्हणाल्या. "एकच. उत्तरातून निघणारा."

"उत्तरातूनच निघतोय," बाई म्हणाल्या. "आपण म्हणालात, रीतसर अनुमोदन मिळालं. पान एकोणतीसवर लिहिलंय, अनुमोदन कौन्सिलर बॅराक्लफ यांनी दिलं. पान दोनवर लिहिलंय, कौन्सिलर बॅराक्लफ प्रकृतीच्या कारणानं त्या दिवशी सभेला नव्हतेच. जो माणूस खोलीत नव्हता त्याचं अनुमोदन रीतसर कसं, हे मला सांगाल का?"

सभागृहात एक विचित्र आवाज झाला. बावन्न माणसं एकदम कागद शोधत होती. काहींनी शेजाऱ्याचा घेतला, काहींनी उलटा धरला. तिसऱ्या रांगेत बॅराक्लफ बसले होते, नाकाची सालं निघालेले, भाजलेल्या बिटासारखे लाल. ते विचार न करता उठले.

"मी? मी तर टेनेरीफला होतो, समुद्रावर सुट्टीला!"

मग त्यांना पान दोनवरची प्रकृती आठवली असावी. ते सावकाश बसले.

"ही लेखनिकाची चूक दिसते," थॉर्नली म्हणाले. "इतिवृत्तात दुरुस्ती करून टाकू."

"करा की!" बाई म्हणाल्या. लाल दिवा केव्हाच लागला होता, माइक मेला होता. पण त्या आवाजाला माइक कधी लागला होता? खिडक्यांच्या रंगीत काचांतल्या संतांनी, असं तनिषा आजही शपथेवर सांगते, एक पाऊल मागे घेतलं. "अर्ध्या तासापूर्वी हेच इतिवृत्त तुम्ही सगळ्यांनी हात वर करून बिनचूक ठरवलंत! मेयरबाईंनी सही केली! ते खरं असेल तर ठरावाला अनुमोदक नाही. खोटं असेल तर हात कशाला वर केलेत? आणि दुरुस्ती करायची तर नाव कुणाचं घालणार? दिलं कुणी अनुमोदन? उठा ना!"

कुणी उठेना. थॉर्नलींनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. कुणालाच आठवत नव्हतं, कारण त्या दिवशीही कुणी ऐकत नव्हतं.

"मॅडम, तुम्ही आउट ऑफ ऑर्डर आहात," मेयर म्हणाल्या.

"मी एकटी?"

कोपऱ्यातले कायदा अधिकारी जागे झाले होते. ते मेयरच्या कानाशी लागले. सभा दहा मिनिटांसाठी तहकूब झाली. त्या दहा मिनिटांची पन्नास मिनिटं झाली. बंद दाराआडून आधी चढे आवाज आले, मग कपबशांचे. तनिषानं डॉक्टरांना पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, इतका आवाज इथे कधीच नाही झाली."

सगळे परतले. कायदा अधिकाऱ्यांनी घसा खाकरून सांगितलं, की तो ठराव झालाच नाही असं समजण्यात येत आहे. विषय नव्यानं सप्टेंबरच्या सभेपुढे येईल. तोपर्यंत थांबा जिथं आहे तिथं.

मेयर गोड हसल्या. "अभिलेख अचूक राखण्यात मदत केल्याबद्दल सभागृह या बाईंचं आभारी आहे."

"मला तुमचे आभार नकोत," सुलक्षणाबाई म्हणाल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. "माझे यजमान चालू शकत नाहीत म्हणून तुम्ही थांबा ठेवला नाहीत. त्यांच्यासारखी साठ माणसं त्या दारातून रोज बाहेर पडतात, म्हणूनही नाही. तुमचा कागद फाटका निघाला म्हणून ठेवलात. कागद धड असता तर सोमवारी माणसं टेकडीवर पडली असती, आणि तुम्ही बदकांच्या शर्यती मोजल्या असत्या. एकदा या ना तिथं. एका शनिवारी. उभे राहा आणि बघा."

कुणी हसलं नाही. थॉर्नलींनी टायची गाठ नीट केली. ती नीटच होती.

"पुढचा विषय," मेयर म्हणाल्या. "क्रमांक अकरा. उद्यानातील बाकांचे रंग."

डॉक्टरांनी काठी घेतली. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण डोळे हसत होते. "चल सुलू. जिंकलीस बाई. घरी चहा करतो मी."

सुलक्षणाबाई बाकावर बसल्या, त्यांनी अजेंड्याचं जाडजूड बाड मांडीवर ओढलं आणि भिंग पुसलं.

"अगं, आपलं काम झालं ना?"

"झालं नाही. सप्टेंबरवर ढकललंय. येत्या मंगळवारी बस दारात थांबेल, एवढंच. सप्टेंबरात यांचा कागद धड असेल, आता शहाणे झालेत ना. मग मला यांचे सगळे कागद आधीच पाठ पाहिजेत." त्यांनी पान उलटलं. त्या आवाजासरशी पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं आणि घाईघाईनं आपापली पानं उलटली. "अजून सोळा विषय आहेत. तुम्हाला दमायला झालं असेल तर इथंच आडवे व्हा."

डॉक्टरांनी बाकाकडे पाहिलं. मग ते काठी बाजूला ठेवून बायकोशेजारी बसले आणि म्हणाले, "बाकांचा रंग कुठल्या पानावर आहे?"