मी जागेवरून हललो नाही

मी एक जुना स्टेंट आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! मी बोटाच्या पेराएवढा असलो, तरी मला कमी लेखलेले खपत नाही.

माझा जन्म सुरतचा. शेजारच्या गल्लीत हिरे कापत, आमच्या कारखान्यात धातूची बारीक नळी कापून तिची जाळी करत. हिऱ्यांना मखमली डबी मिळाली. मला मिळाली कीर्तिलालभाई झवेरींच्या हृदयाची आकसलेली रक्तवाहिनी. तिला आतून टेकू देऊन मी उभा राहिलो.

तेव्हा माझे कौतुक फार झाले. कीर्तिलालभाई पेढीवर छाती ठोकून सांगत, "आता कसली चिंता? आत पोलाद आहे!" पण माझ्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज गोळ्या लागतात, हे ते सोयीने विसरत.

वर्षही सरले नव्हते आणि जैनांचे उपवासाचे पर्व, पर्युषण, आले. अठाई करायची, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर राहायचे, असे त्यांनी ठरवले. पहिल्या सकाळी उपाश्रयात साधूमहाराजांपुढे संकल्प घ्यायला निघताना त्यांनी गोळ्या कपाटात टाकल्या. त्यांच्या पत्नीने, रमीलाबेननी, ते पाहिले.

"परेशचे पप्पा, गोळी?"

"उपवासात गोळी चालते होय? आणि ती जाळी काय फुकट बसलीय आत?"

मला असा संताप आला! गुठळी झाली तर माणूस जाईल आणि बोल मला लागेल. पण ओरडायला मला तोंड नव्हते. रमीलाबेनना होते.

"अठाई करणाऱ्यांच्या मिरवणुकीत रथात बसायची हौस आहे ना? मग अठाई मी करते, रथात माझ्याशेजारी बसा. तुम्ही मनापासून अनुमोदना द्या, तेही पुण्यच. आत्ता खिचडी खा आणि गोळी गिळा."

"तू? चहाला जरा उशीर झाला की घर डोक्यावर घेतेस!"

"बघाच!"

चौथ्या दिवशी रमीलाबेनना धड उभे राहवेना. तरी त्या हटल्या नाहीत. कीर्तिलालभाईंचा तोरा उतरला. ते स्वतः पाणी उकळून त्यांच्या हाती देऊ लागले. पारण्याला मुगाचे पाणी पाजताना त्यांचे डोळे भरून आले.

"जिंकलीस, रमीला."

"आधी गोळी घेतलीत का, ते सांगा."

आज कीर्तिलालभाई नातवंडांना घेऊन तापीकाठी फिरतात. माझे नावही आता कोणी काढत नाही. न काढो! पण मित्रांनो, तुमच्या आजोबांच्या हृदयात माझा कोणी भाऊ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना गोळी सोडू देऊ नका. रागावले तर रागावू देत. मी माझ्या जागेवरून हललो नाही. तुम्हीही हलू नका.