पाचव्या सहीची मेंढरं

कर्ज देणारी कंपनी तारण मागत नाही हे ऐकून आम्हाला केवढा आनंद झाला होता. घर नको, जमीन नको, फक्त पाच बायकांनी एकमेकींसाठी सह्या करायच्या. कर्ज कुर्बानीच्या ईदनंतर एकरकमी फेडायचं. एकीने बुडवलं तर बाकीच्या चौघींनी भरायचं. आम्ही पाचही जणी एकाच गावच्या, एकमेकींच्या लग्नात नाचलेल्या. बुडवायला आम्ही काय चोर होतो?

शक्कल कानिशायची. ती माझी चुलत नणंद, वयाने मोठी, म्हणून मी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणते.

"माझ्या पैशात वसंतात चार मेंढरं येतात," ती म्हणाली. "चारांवर सुटणार काय? पाचही कर्जं माझ्याकडे द्या. कळप घेते, उन्हाळाभर वरच्या कुरणात चारते आणि ईदच्या तोंडावर काराकोलच्या बाजारात विकते. फेडायचं मी बघते. नफ्यात तुमचा वाटा."

कष्ट तिचे, सह्या आमच्या. दोन वर्षं सगळं तिने म्हटल्यासारखं झालं. तिच्या घरावर नवा पत्रा चढला. माझ्या वाट्यातून मी एक तांबडी गाय घेतली. नवरा रशियात बांधकामावर, त्याचे पैसे कधी यायचे, कधी नाही. गाय आली आणि घर तिच्या दुधावर चालायला लागलं. सासू पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली, हेही सांगून टाकते.

शेजारच्या असानबेक आकेंना आम्ही हसायचो; आके म्हणजे वडीलधारे दादा. त्यांनी जन्मात कर्ज काढलं नाही. गोठ्यात जेवढी कोकरं जन्मतील तेवढीच त्यांची मेंढरं.

"आके, तुमचा कळप तुमच्यासारखाच रांगतो," कानिशाय म्हणायची.

"रांगू दे. मला कुठे पोचायचंय?"

तिसऱ्या वर्षी कंपनीने कर्ज वाढवलं, कानिशायने कळप वाढवला. ईद तीन आठवड्यांवर आली आणि पलीकडच्या खोऱ्यात जनावरांत लाळ्या-खुरकूताची साथ निघाली. आमची मेंढरं ठणठणीत होती, पण बाजारच बंद. ईद गेली. बर्फ पडलं. मेंढरं कुरणातून खाली आली, ती रोज गवत खाणार, आणि गवताचा भाव दर आठवड्याला चढत होता.

कंपनीचा नुर्दीन आला. पोरगा कडक इस्त्रीचा, बूट दारात काढताना दहादा कपाळाला आठ्या.

"एजे, मुदत संपली," तो आम्हा चौघींना म्हणाला. "दंड भरलात तर महिनाभर थांबतो. पण तुम्ही एक करा. कानिशायच्या घरी जाऊन बसा. पैसे मिळेपर्यंत उठू नका. घरात माणसं बसली की लाज वाटते."

"तुला वाटते का रे बाळा?" मी विचारलं. त्याने फाईल बंद केली.

आम्ही गेलो आणि बसलो. कानिशायने नवऱ्याला हाक मारली, मेंढरू कापायला लावलं. दुपारी मोठं ताट पुढ्यात आलं, पाहुण्याला देतात ते मानाचं हाड माझ्यासमोर.

"हे काय चालवलंयस, एजे?"

"मग काय, घरी आलेल्यांना कोरडा चहा पाजू? लोक काय म्हणतील?"

"मांस मऊ आहे हं," झूरा म्हणाली. ती आमच्यातली सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात भुकेली.

"खा बाई. आपल्याच कर्जाचं आहे."

दुसऱ्या दिवशीही बसलो. आणखी एक मेंढरू गेलं. वसुलीला आलेल्या आम्ही वसुलीच चावून खात होतो आणि उठायची कुणाचीच हिंमत नव्हती. उठावं तर कंपनी, बसावं तर मेंढरं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"वाटून घेऊ," मी म्हणाले. "पाच गोठ्यांत पाच वाटे. ज्याचं त्याने जगवायचं."

"कळप मोडायचा?" कानिशायचा चेहरा उतरला. "बुरमा, बाजार उघडला की भाव दुप्पट होणार. तोवर तग धरायचा."

"कशावर?"

भाव चढणार हे तिचं बरोबरच होतं. कधी चढणार हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं.

कळप वाटला गेला. माझ्याकडे गवत होतं ते गाईपुरतं. गाय जगवली तर माझ्या वाट्याची मेंढरं मरणार, आणि मेंढरं मेली तरी कर्ज जिवंत. दोन दिवस गोठ्यात जाऊन नुसती उभी राहत होते. तिसऱ्या दिवशी असानबेक आकेंकडे गेले, कारण गावात रोख पैसा त्यांच्याचकडे होता. त्यांनी गाईचा निम्मा भाव सांगितला.

"आके, निम्मा? शेजारी ना तुम्ही?"

"मी बोलवायला आलो नव्हतो, पोरी. तू आलीस."

गाय त्यांच्याच मागे मुकाट चालत गेली. मी घरी येऊन रडले. आकेंचा राग आला, पण त्यांनी मला फसवलं नव्हतं, म्हणून तो राग कुठे ठेवावा तेच कळेना. त्या पैशांतून माझा दंड भरला, झूराचाही भरला.

महिना सरायच्या आत बाजार उघडला. उघडला आणि सगळा जिल्हा जनावरं घेऊन तिथे लोटला. सगळ्यांचं गवत संपलेलं, सगळ्यांच्या मागे कंपन्या. घेणारे हात खिशात घालून फिरत होते. मिळेल त्या भावाला विकून आम्ही कर्ज फेडलं. उरलं काहीच नाही.

असानबेक आके बाजाराकडे फिरकलेसुद्धा नाहीत. त्यांनी आपली मेंढरं मार्चमध्ये विकली. जवळजवळ दुप्पट भावाने.

एप्रिलमध्ये कानिशाय माझ्याकडे आली. मी चहा ओतला, नान पुढे ठेवला.

"झाला ना भाव दुप्पट? मी म्हणत होते."

"म्हणत होतीस."

"या वेळी गवताचे पैसे आधीच बाजूला काढायचे. नुर्दीन म्हणतो, फेड चोख झाली, आता जास्त मिळेल. आम्हा चौघींच्या सह्या झाल्या. तुझीच राहिलीय." तिने चहाचा कप खाली ठेवला. "तू नाही म्हणालीस तर चौघींचं अडतं, बुरमा. झूराला छप्पर घालायचंय."

"झूराला पुढे करू नकोस."

"मग तुझी गाय? तशी परत येणार आहे का ती?"

"नाही येणार. पण त्या दोन दिवसांत तुझ्या घरात बसून जेवताना मला तू नकोशी झाली होतीस, एजे. घास गिळत होते आणि मनात तुला शिव्या देत होते. आयुष्यात कधी असं वाटलं नव्हतं. कंपनीने तारण घेतलं नाही म्हणतेस? हेच घेतलं होतं. कसंबसं सोडवून आणलंय, परत नाही ठेवणार."

ती उठली. आमच्यात नान न चाखता कोणी घराबाहेर पडत नाही, भांडणातसुद्धा नाही. तिने उभ्यानेच तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. मला बरं वाटलं. वाटलं, समजली.

मी खिडकीतून पाहत होते. फाटकाबाहेर पडून ती आपल्या घराकडे गेली नाही. सहीचा कागद हातात घेऊनच डावीकडे वळली आणि असानबेक आकेंच्या धाकट्या सुनेला हाक मारली. दार लगेच उघडलं.