लिफ्ट अडकल्यास फिरवायचा नंबर

मी एक टेलिफोन नंबर बोलतोय. फोन नव्हे, नुसता नंबर. फोनला वजन असतं, रंग असतो, तो पडला की फुटतो. माझं तसं काही नाही. मी म्हणजे ओळीनं मांडलेले काही आकडे. आजवर माझ्यामार्फत किती जणांनी "कोण बोलतंय?" असं विचारलं, पण तो प्रश्न मला कधीच नव्हता. त्यामुळे आज थोडा बिचकतच बोलतोय. सांभाळून घ्या.

माझा जन्म टेलिफोन कंपनीच्या एका यादीत झाला. माझ्या आगेमागे अगदी माझ्यासारखी दिसणारी भावंडं होती, फक्त शेवटच्या आकड्याचा फरक. एकेक जण कुणाकुणाच्या घरी गेला. मी एका फोटो स्टुडिओला मिळालो. स्टुडिओ बंद पडला आणि वर्षभर मी कुणाचाच नव्हतो. त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कुणी लावलाच नाही तर नंबर काय करणार?

मग मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात आलो. एक लांबट शेड, तारांची भेंडोळी, ग्रीसचे डबे आणि भिंतीवर तीन फोन. मी वाजलो की तिन्ही एकदम वाजायचे. ज्याचा हात जवळ असेल त्यानं उचलायचं, हाच तिथला नियम. हात ग्रीसनं भरलेले असले तर मिस्त्री कोपरानं रिसीव्हर पाडायचे आणि वाकून त्याच्याशी बोलायचे.

सुरुवातीला लोक विचारायचे, "फोटो झाले का हो?"

फोनवर बसणाऱ्या ताई शांतपणे सांगायच्या, "फोटो नाही काढत आम्ही. माणसं काढतो. लिफ्टमधून."

कारखान्याचे मालक म्हणजे काका. एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून फोनला कधी हात लावत नसत. त्यांच्या खालोखाल हेडमिस्त्री, आणि सगळ्यांत उंच असलेला एक मेकॅनिक, ज्याला सगळे लांब्या म्हणत. पण खरं सांगतो, मी होतो ताईंचा. त्यांनीच माझे स्टिकर छापून घेतले होते. 'लिफ्ट अडकल्यास या नंबरवर फोन करा.' चारशे बारा लिफ्टमध्ये, बटणांच्या वर, डोळ्यांसमोर येईल असा मी चिकटलो. रोज हजारो माणसं माझ्याकडे बघतात आणि कुणी मला वाचत नाही. वाचायची वेळ येते तेव्हा मात्र सगळं जग सोडून माझ्याकडेच बघतात.

गल्लीतली तार जुनी झाली होती. आठवड्यातून एकदा तरी मी मुका व्हायचो. मग काकांच्या सूनबाईंनी मनावर घेतलं. कारखान्याचं ऑफिस त्याच सांभाळत. ऑफिसचे सगळे फोन आता इंटरनेटवरून चालवायचे, असं त्यांनी ठरवलं. क्लाउड म्हणतात त्याला.

हेडमिस्त्री म्हणाले, "नंबर ढगात जाणार म्हणे."

"मग काय, वर बघून बोलायचं?" लांब्यानं विचारलं.

"तू बोल. तुला जवळ पडेल."

व्यवस्था बसवणारा इंजिनियर आला. तो म्हणाला, "नवा नंबर घ्या ना. आज मागा, आज मिळेल. जुना जोडायचा तर टेलिफोन कंपनीची संमती, अर्ज, तपासणी, पंधरा दिवस जातील."

माझं काय चालणार तिथं?

ताई एरवी चारचौघांत बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "चारशे बारा लिफ्टमध्ये हा नंबर आहे. अडकलेल्या माणसानं नवा कुठून आणायचा?"

काकांनी चांगला कान पुढे करून ऐकलं आणि म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे. हाच नंबर राहील."

अर्ज गेला. मी टेलिफोन कंपनीचाच राहणार होतो, फक्त माझा दरवाजा बदलणार होता. लावणाऱ्यासाठी सगळं तेच, पण हाक भिंतीवर न जाता इंटरनेटवरून माणसांच्या मोबाइलवर जाणार. सोळाव्या दिवशी मी सूनबाईंच्या कॉम्प्युटरवर एका यादीत उगवलो. माझ्यापुढे प्रश्न होता: हा नंबर एका व्यक्तीसाठी की सगळ्या ऑफिससाठी? आणि व्यक्तीसाठी असेल, तर कुणाच्या नावे?

सूनबाई थांबल्या. कारखान्याचा मुख्य नंबर. तो स्वतःच्या नावे टाकायचा? की ताईंच्या? घरात मोठं माणूस असताना? त्यांनी 'एक व्यक्ती' निवडलं आणि सासऱ्यांचं नाव टाकलं.

"बाबा, नंबर तुमच्या नावावर केलाय," त्यांनी सांगितलं. काका सुखावले. ताईंनाही ते योग्यच वाटलं. भिंतीवरचे तिन्ही फोन काढले आणि तिथं खिळ्यांची भोकं उरली. काकांच्या नव्या मोबाइलवर मी एकदा वाजून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी तो मोबाइल कोटाच्या खिशात ठेवला, कोट खुंटीवर टांगला आणि मागच्या शेडमध्ये मोटर बघायला गेले.

तासाभरानं एका इमारतीत लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये थांबली. आत पडदे शिवणाऱ्या एक बाई होत्या, एकट्या. पंखा बंद, दिवा मंद. त्यांनी सगळी बटणं दाबली. घंटी दाबली, ती वाजली नाही. मग मला वाचलं. एकेक आकडा निरखून बरोबर दाबला.

मी वाजलो. कोटात.

नवा सूर होता, एकदाच ऐकलेला, अजून कुणाच्या कानात बसला नव्हता. "शेजारी गाणं लावलंय वाटतं," हेडमिस्त्री म्हणाले. मी वाजून थांबलो. बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा वाजून थांबलो. इतक्या वर्षांत मी कधी कुणाला असं एकटं सोडलं नव्हतं. तिकडे बाई भिंतीला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या मोबाइलची बॅटरी लाल झाली होती.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा ताईंनी मान वर केली. "शेजारी नाही. कोटात वाजतंय."

"काकांच्या खिशात कोण हात घालणार?" लांब्या म्हणाला. "त्यांना बोलावून आणतो."

त्या कोटाला आजवर कुणी हात लावला नव्हता. तशी बंदी नव्हती, पण लावत नसत. ताई उठल्या. "तू येईपर्यंत बंद पडेल," म्हणाल्या, आणि सरळ खिशात हात घातला.

"बोला. लिफ्टमध्ये आहात का?"

पलीकडे आधी नुसता श्वास. मग आवाज. "कुणी उचलतच नव्हतं हो. मला वाटलं, हा नंबर बंदच झाला."

"नंबर चालू आहे. चूक आमची झाली. कुठली इमारत? कितवा मजला?"

बाईंनी सांगितलं. ताईंनी बोटानं खूण केली आणि लांब्या पेटी उचलून निघालासुद्धा.

"आता खाली बसा. दार हातानं ओढू नका."

"बसले. गिऱ्हाइकाच्या पडद्यांवरच बसलेय. चुरगळणार सगळे."

"चुरगळू देत. रंग कसला आहे?"

"राखाडी. मला अजिबात आवडला नाही. पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार?"

ताई हसल्या आणि बाईंचा श्वास जरा खाली बसला. आठ मिनिटं दोघी पडद्यांवर बोलत होत्या. मग बॅटरी संपली. पण तोवर लांब्यानं वरून हाक दिली होती, "मावशी, आलोय."

काका आले तेव्हा ताईंच्या हातात त्यांचा मोबाइल होता. ताईंनी तो त्यांच्यापुढे धरला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, चुकलं माझंच. मान म्हणून तुमचं नाव टाकलं."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मान माझ्या कोटालाही मिळतो, कुणी हात लावत नाही. नंबर उचलणाऱ्याला द्या." टेलिफोन कंपनीनं मला 'एक व्यक्ती'ऐवजी 'सगळं ऑफिस' असं करेपर्यंत दोन दिवस तो मोबाइल ताईंच्याच टेबलावर राहिला. काका रिकाम्या खिशानं हिंडले.

आता मी सगळ्या ऑफिसचा आहे. वाजलो की ताई, सूनबाई, हेडमिस्त्री, लांब्या, सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजतात. ज्याचा हात जवळ, तो उचलतो. कधी ताई बसमध्ये असतात, कधी सूनबाई स्वयंपाकघरात. अडकलेल्या माणसाला त्याचं काही नसतं, त्याला आवाज हवा असतो. माझं बरं चाललंय. भिंत नाही, तार नाही, तरी घर असल्यासारखं वाटतं.

एकच विनंती. लिफ्टमध्ये उभं राहून कंटाळलेली माणसं नखानं माझा स्टिकर खरवडतात, आणि कोपऱ्यावर असल्यामुळे माझा शेवटचा आकडाच आधी जातो. तुमच्या लिफ्टमध्ये तसं झालं असेल, तर पेन काढून तेवढा लिहून ठेवा. आठ आहे.