राखणदाराचं तेल

कमलाक्षीला आपल्या म्हणण्याबद्दल तसूभरही शंका नव्हती, आणि शंका नसली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. तिची आई आनंदीबाई, त्यांचंही तेच. मग लाटंबार्सेतल्या त्या घरात एका दगडावरून काय जुंपली असेल, तुम्हीच बघा!

दगड आकाशातून पडलेला. काही वर्षांपूर्वी भरदिवसा काजूच्या बागेत धाडकन उतरला, आणि गावानं त्याला राखणदार देव म्हणून छोट्या देवळीत, घुमटीत बसवला. दर सोमवारी त्याला खोबरेल चोळायचं काम आनंदीबाईंकडे. कमलाक्षी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. अशनी आहे हे तिनंच ओळखलं. मग तिचे एकेकाळचे गुरू, फोंड्याचे गोकुळदास सर आले, वरची चिमूटभर पूड खरवडून घेऊन गेले, आणि त्यांनी जाहीर केलं की हा कार्बनी कुळातला दुर्मीळ अशनी. पुडीत कार्बन मुबलक सापडला होता ना!

"कार्बन कसला डोंबलाचा, सर! आमच्या आईचं खोबरेल आहे ते!" कमलाक्षी उसळली.

सर हसले. पुरावा दाखव म्हणाले. तज्ज्ञांची बैठक तोंडावर आलेली, तिथे एकदा कूळ ठरलं की पुस्तकात तेच छापलं जाणार. कमलाक्षीचं म्हणणं, ह्याचे गोल दाणे एका कुळासारखे, लोखंड भलत्याच कुळासारखं. हा कुठल्याच घरचा नाही. त्याला परक्या घरात कोंबला की त्याची खरी गोष्ट बुडालीच. पण हे दाखवायला तेल न पोचलेला, पोटातला तुकडा हवा. म्हणजे दगड कापायला हवा.

"देवाक करवत लावतलंस?" आनंदीबाई कडाडल्या. "माझ्या जित्या जीवात नाय! भंगलेल्या देवाक कोण पुजता?"

"आई, तू तेल लावन लावन त्याका खोटा बोलूक लावलंस."

आनंदीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुझ्या बापाशीच्या दुखण्यात ह्याच देवान माका धीर दिल्यान. आणि तू असा बोलतंस?"

कमलाक्षीला वाईट वाटलं, पण माघार घेईल ती कसली! "मगे देवाकच विचारूया," ती म्हणाली. "कौल घे. तो नको म्हणालो तर मी गप."

"आणि व्हय म्हणालो तर मी आड येवचंय नाय," आई म्हणाली. दोघींनाही वाटत होतं, देव आपल्याच बाजूचा.

ह्या दगडाला आजवर कुणी कौल लावला नव्हता. गावासाठी देवाला कौल लावणारे बाबुराव घाडी आले. त्यांनी भिजवलेल्या पाकळ्या दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "बा देवा म्हाराजा," त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, आणि "म्हाराजा" पुरतं तोंडातून निघायच्या आत दोन्ही पाकळ्या एकदमच सुळकन खाली!

पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. बाबुरावांनी राख चोळून दगड पुसला, पण वर्षानुवर्षं मुरलेलं तेल आतून पाझरतच राहिलं.

"असा माझ्या जल्मात बघूक नाय," ते कपाळ पुसत म्हणाले.

कमलाक्षीला सगळं कळत होतं, तरी ती आईला वाट देत बाजूला सरकली. आनंदीबाई पुढे झाल्या. त्यांनी दगडावरून बोट फिरवलं, ते तेलकट बोट डोळ्यांजवळ धरलं.

"देव बोलूक बघता," त्या हळूच म्हणाल्या, "आणि माझा तेल त्याचा तोंड दाबता." मग लेकीकडे वळल्या. "काप."

पोटातल्या तुकड्यात कार्बन नावालासुद्धा नव्हता. अशनींच्या प्रत्येक कुळात ऑक्सिजनच्या प्रकारांचं प्रमाण ठरलेलं असतं, जशी ज्या त्या विहिरीच्या पाण्याची चव. ह्याची चव कुठल्याच विहिरीशी जुळेना. बैठकीत गोकुळदास सर तरी हट्टाला पेटले, जवळच्या कुळात 'विक्षिप्त' म्हणून घाला म्हणाले.

"चेहरा जुळत नाही, रक्त जुळत नाही, मग नाव का लावायचं, सर?" कमलाक्षीनं ठणकावून विचारलं. दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी 'अवर्गीकृत' अशी नोंद झाली, आणि सरांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

उड्या मारतच ती गावी आली. पण घुमटीशी पोचली आणि तिचा चेहरा उतरला. कापून परत ठेवलेल्या दगडापुढे ना फूल, ना नारळ. सोमवार असून चिटपाखरू नाही. भंगलेल्याला हात कोण जोडणार? आपण आईचा देव घालवला, हे तिच्या काळजात रुतलं.

आनंदीबाई ओटीवर बसल्या होत्या. "कुणातलो निघालो तो?"

"कुणातलोच नाय, आई. त्याच्यासारखो दुसरो सापडाकच नाय."

"म्हणजे त्याका आपलो म्हणणारो कोण नाय?"

"नाय."

आनंदीबाई उठल्या. परसातली चार जास्वंदं खुडून त्यांनी ओंजळीत घेतली.

"मगे मी आसंय," त्या म्हणाल्या आणि घुमटीकडे निघाल्या.