नखावरचं पाणी

माझ्या सासूबाईंनी, अम्मींनी, आयुष्यात नखं रंगवली नव्हती. हौस नव्हती असं नाही. मी पार्लरमध्ये दिवसभर दुसऱ्यांची नखं रंगवते, आणि घरी आले की माझ्या डब्यातल्या बाटल्या त्या उचलून उजेडात धरायच्या. पण नमाजाआधी वजू करताना, म्हणजे हात-तोंड-पाय धुताना, पाणी नखाला लागलंच पाहिजे, नाहीतर नमाज होत नाही; आणि रंगाचा थर ते अडवतो. त्यामुळे बाटली पुन्हा डब्यात जायची.

मग मोबाइलवर एक बाई दिसली. प्रत्येक व्हिडिओत आधी सलाम, मग विक्री. तिच्या नेलपॉलिशमधून म्हणे पाणी थेट नखापर्यंत झिरपतं. वर ‘हलाल’चा शिक्का. मीच मागवलं. अम्मींनी डाळिंबी रंग निवडला आणि लहान मुलीसारखे हात पुढे केले. त्यांचा फोटो मी त्या बाईला पाठवला, तिनं तो आपल्या विक्रीच्या पानावर सगळ्यात वर लावला: ‘आमच्या समाधानी अम्मी’. अम्मी महिनोन्‌महिने तशाच नमाज पढल्या.

एक दिवस पार्लरमध्ये गिऱ्हाइकानं तेच मागितलं. लावण्याआधी मी सहज टिश्यू पेपरवर थर दिला, वाळवला, वर पाण्याचा थेंब सोडला. थेंब बसून राहिला. बोटानं चोळला, तरी खालचा कागद ठणठणीत कोरडा.

मी तिच्या पानावर विचारलं. प्रश्न गायब झाला आणि खासगीत उत्तर आलं: ‘सिस्टर, शंका सैतान घालतो. ईमान सांभाळा. नवा सेट गिफ्ट पाठवते.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटली हिची खोटी, आणि ईमान माझं कच्चं!

घरी येऊन मी अम्मींना सगळं सांगितलं. त्या नखांकडे बघत राहिल्या.

“अम्मी, तुमची काय चूक? अल्ला नियत बघतो.”

“माझी नियत त्याला ठाऊक आहे. ते आमचं आम्ही बघू,” त्या म्हणाल्या. “हिची नियत मला बघायचीय.”

नवरा मध्ये पडला. “अम्मी, जाऊ दे ना. आपल्यातलीच बाई आहे. चारचौघांत कशाला?”

“आपल्यातली आहे म्हणूनच. परक्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन गप्प बसले असते.”

ती बाई लाइव्हवर जुन्या गिऱ्हाइकांकडून कौतुक करून घ्यायची. त्या रात्री अम्मी माझ्या फोनवरून तिथं गेल्या; त्यांचा चेहरा दिसताच तिनं त्यांना आत घेतलं. “बोला अम्मी, किती समाधान मिळालं?”

अम्मींनी रंगवलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि थेंब सोडला. “हे बघ बाळ, पाणी वरच बसलंय. खाली उतरायला तुझी परवानगी लागते का?”

तिनं लाइव्ह तोडलं, पडदा काळा झाला. पण मी दुसऱ्या फोनवर सगळं टिपलं होतं. अम्मी म्हणाल्या, “टाक.” मी टाकलं. गावभर झालं.

सकाळी त्या बाईचा निरोप आला: माफ करा, पैसे परत देते, व्हिडिओ तेवढा काढा. अम्मींनी मला उत्तर लिहायला बसवलं.

“लिही. पैसे नकोत. माफी गुपचूप मागू नकोस. जिथं माझा फोटो लावून विकलंस, तिथंच लिही की पाणी जात नाही. माझं तोंड बघून ज्यांनी बाटली घेतली, त्या बाया आजही तशाच नमाजाला उभ्या राहतील.”

मी पाठवलं. तिनं अजून लिहिलेलं नाही. व्हिडिओ आम्ही अजून काढलेला नाही.