पांढऱ्या छत्र्यांना पाणी घालणारी झारी

मित्रांनो, मागच्या दाराशी नळाखाली एक झारी उभी आहे ना, पोटाला पोचा आलेली आणि बुडाचं भोक बुजवायला कथलाचा डाग दिलेली, ती मी. वयाचं विचारू नका. माझ्यानंतर या घरात प्लास्टिकच्या झाऱ्या आल्या, उन्हाने तडकल्या आणि भंगारात गेल्यासुद्धा. मी अजून आहे आणि मजेत आहे.

एका पत्रेवाल्याने मला घडवलं. त्याने कातरीने पत्रा कापला, ठोकून गोल केला, सांधे जोडले आणि तोटीच्या टोकाला बारीक भोकांची टोपी बसवली. मग काठोकाठ पाणी भरून बराच वेळ माझ्याकडे टक लावून पाहिलं. कुठूनही थेंब गळला नाही, तेव्हा त्याने स्वतःशीच मान डोलावली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

काकूंनी मला घरी आणलं. घरामागच्या बागेचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. काका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बागेतलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण पोकळ वस्तू दिसली की फुंकून पाहायची खोड होती. माझी तोटीसुद्धा त्यांनी सोडली नाही. उद्या तुम्ही नळ वाजवायला घ्याल, असं म्हणून काकू मला त्यांच्या हातातून काढून घेत.

दर वर्षी काकू काही गाजरं न उपटता वाफ्यात तशीच ठेवत. ती उंच वाढत आणि त्यांच्यावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडत. बी धरायचं आहे, असं त्या सगळ्यांना सांगत. खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांना ती फुलं फार आवडायची.

मग काकू अंथरुणाला खिळल्या. त्या वर्षी बागेत खुरपणी झालीच नाही. भिंतीच्या कडेला कातरलेल्या नाजूक पानांचं एक रोप जमिनीलगत पसरलं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. काकू गेल्या. मी नळाशी पालथी पडून राहिले आणि माझ्या पोटात एका कोळ्याने संसार थाटला. वाईट दिवस होते ते. काकांनी क्लॅरिनेटची पेटीसुद्धा उघडली नाही.

पुढच्या हंगामात ते रोप झपाट्याने वाढून काकांच्या डोक्याच्याही वर गेलं. एका सकाळी त्याच्यावर पांढऱ्या छत्र्या उघडल्या. काका दारातच थबकले. मग त्यांनी लेकीला हाक मारली.

"बघ गं, आईची गाजरं आली."

त्याच दिवशी कोळ्याची हकालपट्टी झाली आणि काकांनी मला घासूनपुसून लख्ख केलं. रोज सकाळी आम्ही दोघं भिंतीपाशी जायचो. काका पाणी घालता घालता फुलांना सगळं सांगत. रस्त्याने वरात गेली की बँडचा ढोलवाला अजून कसा ताल चुकतो, नातीचा दात कसा हलतोय, लेक मीठ किती कमी घालते. माझे काका पुन्हा बोलायला लागले होते. मला याहून काय हवं होतं? मी हात राखून पाणी घातलं नाही.

त्यांची नात चिंगी तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या मागे लागली होती. आजोबांचं वाद्य मोठं आणि जड, तिला स्वतःचं हवं होतं. काकांनी त्या रोपाचा एक दांडा दाबून पाहिला. तो आतून पोकळ निघाला. मग काय, स्वारी खुशीत. आजीच्या गाजराची पिपाणी करून देतो, असं त्यांनी चिंगीला सांगितलं. सुरीने दांड्याचा एक तुकडा कापला आणि ते त्याला भोकं पाडू लागले. चिंगी ओठांचा चंबू करून शेजारी तयारच होती. मी तिथेच टेकवलेली होते. मला तोंड आहे खरं, पण त्यातून पाण्याशिवाय काही निघत नाही.

भिंतीपलीकडे गुरांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्या कपडे वाळत घालत होत्या. त्यांची नजर आधी फुलांवर आणि मग काकांच्या हाताकडे गेली.

"काका, ती नळी खाली ठेवा. चिंगी, तू मागे हो बाळ."

आवाज चढलेला नव्हता, तरी दोघांनीही ऐकलं. बाई फाटकातून आत आल्या. पिपाणी अजून कुणाच्या तोंडात गेली नव्हती, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. मग त्यांनी सांगितलं की हे गाजर नव्हे, हेमलॉक आहे. पानं, फुलं, बिया, मुळं, सगळंच विषारी. चरताना हे पोटात गेलेली गाय त्यांनी पाहिली होती, ती पुन्हा उठली नव्हती. याच्या दांड्याच्या पिपाण्या वाजवून मुलांना विषबाधा झाली आहे, हेही त्यांनी सांगितलं.

काकांचा चेहरा उतरला, पण ते हटेनात.

"हे हिच्या हातचं आहे. बागेतलं ती जाणायची. तुमचं काम गुरांचं."

काका कुणाला असं तोडून बोलत नाहीत. बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी लांबूनच दांड्यावरचे जांभळे डाग दाखवले. पान चुरगळलं तर उंदरांच्या बिळासारखा वास येतो, म्हणाल्या. "आणि गाजराच्या दांड्यावर लव असते, काका. हा गुळगुळीत आहे."

काकांनी दांडा धरलेल्या स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"ती कुरकुर करायची," ते शेवटी म्हणाले. "गाजराची फुलं कापून आली की मनगटं चोळत बसायची. खरखरीत आहेत मेले दांडे, म्हणायची. मी हसायचो." त्यांनी रोपाकडे पाहिलं. "हे तिचं नाही."

त्यांनी हातमोजे घातले आणि ते रोप स्वतःच मुळासकट उपटलं. बाईंच्या सांगण्यावरून ते जाळलं नाही, खतातही टाकलं नाही, जाड पिशवीत बंद केलं. सुरी घासली, हात पुन्हा पुन्हा धुतले. मग ते पायरीवर बसून रडले. काकू गेल्यावर ते रडलेच नव्हते. चिंगी त्यांना टेकून बसली आणि लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आता काका लेकीकडून पेरायला शिकत आहेत. बी खोल जातं, ओळ वाकडी होते आणि लेकीची रोज बोलणी खातात. मला विचाराल तर ते त्यांना आवडतं. गेल्या आठवड्यात त्यांनी क्लॅरिनेटची पेटीही उघडली.

मित्रांनो, पाणी घालणं माझं काम, पण कुणाला घालते आहे हे मला कळत नाही. ते तुम्ही पाहायचं. ओळख नसलेलं रोप कितीही सुंदर दिसलं तरी ते तोंडात घालू नका, जाणत्या माणसाला विचारा. आणि घरातलं माणूस कुरकुर करत असेल, तर हसा हवं तर, पण ऐकून ठेवा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं काकांना पटलं, ते काकूंच्या एका कुरकुरीमुळे.