अर्धं तिकीट

अठराशे चौऱ्याऐंशी साल, माघ महिना. माझे वडील राघो तेव्हा कल्याण स्टेशनच्या फाटकावर तिकिटं तपासायचे. त्यांचा डबा पोचवून मी तिथेच रेंगाळायची. ब्राह्मण पाणक्या उतारूंना लोटी भरभरून द्यायचा. पहिली घंटा झाली की गर्दी फाटकाकडे सरकायची.

त्या दिवशी हरिहरपंत आले. मागे लाल आलवणातल्या, डोकं भादरलेल्या त्यांच्या विहीणबाई गंगुबाई, आणि त्यांची मुलगी मालन, पंतांची सून. पंतांचा मुलगा पटकीनं जाऊन महिना झाला होता. मालनचं कपाळ उघडं होतं. शेपटा मात्र कमरेखाली पोचलेला. नाशिकला न्हाव्याकडे निरोप गेला होता. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"घाटात गाडी उलटी चालते म्हणे, खरं गं?" तिनं मला विचारलं. "आल्यावर सांगीन तुला."

गंगुबाईंनी तिचा शेपटा पदराखाली झाकला. हात मात्र तिथून काढला नाही.

पंतांनी तिकिटं पुढे केली. दोन पूर्ण, एक अर्धं.

"पंत, बाराच्या आतलं पोरच अर्ध्यात जातं," वडील म्हणाले. "ही थोराड दिसते."

"थोराड? अहो, नुकतं अकरावं लागलंय!" पंत चारचौघांत खेकसले. "अजून भातुकली मांडते. पोर आहे पोर, देवाशपथ!"

वडिलांनी तिकिटाला भोक पाडलं. दुसरी घंटा झाली. गंगुबाई जागच्या हलल्या नाहीत.

"चला, विहीणबाई. न्हावी खोळंबेल."

"न्हावी कुणाला?" मालननं विचारलं. पंतांची नजर तिच्या शेपट्यावर गेली. तिनं दोन्ही हातांनी शेपटा धरला.

व्याह्यांपुढे गंगुबाईंनी कधी तोंड उघडलं नव्हतं. "व्याहीबुवा, फाटकावर पोर, आणि गोदेच्या काठी बाई? शपथ घेतलीत ना? मग पोरच राहू दे तिला."

"लोक थुंकतील!"

"माझ्यावर थुंकू देत." लेकीला कुशीत ओढून त्या तिथेच फरशीवर बसल्या. गाडी सुटली.

पंत एकटेच गेले आणि मरेपर्यंत या दोघींशी बोलले नाहीत. आळीनं मायलेकींना विहीर बंद केली. तीन वर्षं त्या स्टेशनच्या नळावर घागरी भरत. वडील तेवढा वेळ न पाहिल्यासारखं करून पाठ फिरवून उभे राहत. पुढे वडिलांची भुसावळला बदली झाली, ते तिकडेच वारले. मालन ठाण्याला सुईण झाली. माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच केली. वाकली की शेपटा पुढे यायचा, तो ती पाठीवर टाकायची.

गंगुबाईंनी मात्र स्वतःचे केस कधी वाढवले नाहीत. मी एकदा कारण विचारलं.

"माझं तिकीट पूर्ण होतं गं," त्या म्हणाल्या.